अवलंबून असलेला इसम

हिशेबनीस कुजबुजला, याचाच तिला जास्त राग आला. एरवी हा माणूस कपाचा कान तुटला तरी त्याचा पंचनामा दातांच्या साऱ्या लॅबला ऐकवायचा, आणि आज तिच्या टेबलाशी येऊन असा वाकला की जणू शेजारच्या खोलीत कुणाचं प्रेत खाली उतरवून ठेवलंय. तिच्या हातात तेव्हा कुणाचा तरी वरचा पुढचा दात होता. ओल्या पावडरीचा शेवटचा थर ब्रशच्या टोकानं चढवत आणला होता, आणि मध्येच हात थांबला तर तो थर वाळून तडकतो हे त्या दीडशहाण्याला इतक्या वर्षांत कळायला हरकत नव्हती. "मॅडम, जरा बाहेर येता का?" "इथेच बोला." "इथे नको." "का, कोण गेलं?" "गेलं कुणी नाही हो," तो आणखी वाकला, त्याच्या तोंडाला शिळ्या चहाचा वास होता, "तुमच्या नावानं कोर्टाचा हुकूम आलाय. क्रेडिट कार्डाची थकबाकी. या महिन्यापासून तुमच्या पगारातला चौथा हिस्सा परस्पर कापून तिकडे पाठवायचाय. माझ्या हातात काही नाही." तिनं थर पूर्ण केला. दात चिमट्यात धरून उजेडाला लावला. उत्तम झाला होता. जिच्या तोंडात जाणार होता तिची तेवढी लायकी असेल की नाही कुणास ठाऊक. मग ती मोठ्यानं म्हणाली, पलीकडे कवळ्या घासणाऱ्या दोघींनी मशीन थांबवावं इतक्या मोठ्यानं, "एवढंच ना? कर्ज मी काढलंय, तुम्ही का लाजताय?" दोघींनी माना खाली घातल्या. हिशेबनिसाचा चेहरा मात्र टवटवीत झाला होता. दुसऱ्याच्या संकटाशेजारी उभं राहायला मिळालं की काही माणसांची तब्येत सुधारते, त्यांतला तो. जाता जाता म्हणाला, "आणि घाबरू नका. एवढ्या कारणावरून मालकांना तुम्हाला काढता येत नाही. तसा कायदाच आहे."

काढता येत नाही. म्हणजे काढता येतं का, असं कुणीतरी कुणाला तरी विचारलं होतं. भट्टीत दात सरकवताना तिच्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं. पैशाचं नंतर बघता येईल. पण मालकानं कुठल्याशा वकिलाला फोन लावून आपलं नाव घेतलं असेल, आणि वकिलानं 'नाही हो, तसं करू नका' म्हणून सांगितलं असेल, आणि आता आपण इथे बसलोय ते आपल्या हातातल्या कसबापायी नव्हे, तर काढता येत नाही म्हणून, हे तिला पचेना. दुपारी मालक स्वतः आला. खांद्यावर हात ठेवू की नको अशा बेतानं हात हवेत ठेवून म्हणाला, "काळजी करू नका मॅडम, होतं असं कुणाचंही," आणि हसला. त्याच्या तोंडातले पुढचे चार दात तिनंच केले होते. अख्ख्या माणसात तेवढेच काय ते खरे वाटत. "तुमचं नाही ना झालं?" तिनं विचारलं. तो हात घेऊन परत गेला.

माणसं तिच्याकडे यायची ती अशीच, चेहऱ्याविना. डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतलं की जबडे टेबलावर बसायचे, आणि जबड्यावरून माणूस कळायला तिला फार वेळ लागत नसे. कोण झोपेत दात खातो, कोण एकाच बाजूनं खाऊन दुसरी बाजू सडू देतो, कोण पैसे असून दाढा काढून टाकतो आणि पुढच्या दातांना मात्र झकास कॅपा बसवून घेतो. असली तोंडं आयुष्यभर पाहिल्यावर कुणाविषयी आदर उरावा तरी कसा? लहानपणी आई म्हणायची, हिची मान जन्मतःच जरा वर आहे, मानेचं काहीतरी असेल, दाखवून घ्या. मानेचं काही नव्हतं. कर्ज काढणाऱ्यांविषयी तर तिचं मत फार पूर्वीच ठरलेलं होतं. जुन्या घरी खालच्या मजल्यावर एक शिंपी राहायचा. दार वाजलं की तो दिवे मालवून स्वयंपाकघरात बसायचा आणि त्याची बायको 'ते गावाला गेलेत' म्हणून सांगायची. जिन्यातून येताजाता ती त्या बंद दाराकडे पाहून न चुकता नाक मुरडायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं ती तेव्हा सगळ्यांना ऐकवायची. आता मागे पाहताना तिला त्या शिंप्याची कीव आली नाही. एवढंच वाटलं की निदान त्याला दिवे मालवण्याइतकी लाज होती, आणि आपल्याला तीही नाही, आपल्याला फक्त राग आहे.

आणि कार्ड तरी तिनं कुठे गरजेपोटी घेतलं होतं! ते घेतलं थोरल्या बहिणीपायी. फ्रिज बंद पडला होता. ताई आली, बर्फ वितळून ओल्या झालेल्या फरशीकडे तिनं पाहिलं, मग भिंतीकडे, मग पडद्यांकडे, आणि म्हणाली, "अगं, माग की. आपल्या माणसाजवळ मागायला कसली लाज?" आवाजात अशी साय धरलेली की बोट बुडवावं. भावजी बाहेरच्या खोलीतून ओरडले, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमच्या मेहुणीचं भरतं बरं का!" हा विनोद ते तिची नोकरी लागली त्या दिवसापासून करत होते आणि प्रत्येक वेळी तितकंच हसत होते. पुढच्याच आठवड्यात लॅबमध्ये बँकेची एक मुलगी कार्डांचे अर्ज घेऊन आली, तेव्हा तिनं वाचलंही नाही, सही करून टाकली. बहिणीचे पैसे फिटतात, बहीण फिटत नाही. बँकेला तोंड नव्हतं. आणि ज्याला तोंड नाही अशा कुणाचंही देणं लागायला ती तयार होती. कार्डावर फ्रिज आला. ताईच्या डोळ्यांत भरावेत असे पडदे आले. भाचीच्या लग्नात ताईच्या जावेनं द्यावी त्याहून वरचढ वस्तू आली. दर वेळी कार्ड मशीनवर टेकवताना तिला एक थंडगार समाधान व्हायचं, कुणाच्या तरी तोंडावर दार लावल्यासारखं. बँकेलाही तोंड असतं हे पुढे कळलं. हप्ते थांबल्यावर ते तोंड फोनवरून बोलू लागलं, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या, "ताई, तुमच्यासारख्या सुशिक्षित बाईनं असं करावं?" ताई म्हणे! ती फोन ठेवून द्यायची. पुढे बँकेनं ते कर्ज कुठल्याशा कंपनीला विकलं. कर्जाचेही भंगारवाले असतात, पडत्या भावात घेतात आणि पुऱ्या भावानं वसूल करतात, हे कळल्यावर तिला उलट बरं वाटलं. निदान आपल्याहून हलकी माणसं या जगात धंदा करून आहेत.

राहता राहिला नवरा. तो ऑफिसच्या खुर्च्या विकायचा. पाठीला आधार देणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या, गोल फिरणाऱ्या. कंपनी बंद पडली असं सांगत एक दिवस घरी आला आणि तेव्हापासून घरीच होता. बाहेर कुणी विचारलं तर 'मी सल्लागार आहे' म्हणायचा; कुणाचा आणि कसला, हे विचारायची वेळ येऊ नये म्हणून लगेच हवामानावर जायचा. रोज सकाळी शर्टाला इस्त्री करायचा, अगदी कॉलरची आतली बाजूसुद्धा, आणि तो शर्ट घालून घरात बसायचा. भाजी आणायचा, कुकर लावायचा, तिच्या डब्याला रुमाल बांधून द्यायचा, आणि हे सगळं इतक्या मुकाट्यानं की तिला भांडायला एकही खुंटी मिळू नये. ती त्याला अहो-जाहो करायची. लग्नात पडलेली सवय. पण पुढे तिच्या लक्षात आलं की तिरस्कार वाढायला याहून चांगलं भांडं मिळणार नाही. 'अहो, तुमचा चहा घ्या' या वाक्यात ती काय काय घालू शकायची! तो ते सगळं चहाबरोबर पिऊन टाकायचा. हुकूम आल्याचं तिनं त्याला त्या संध्याकाळी सांगितलं तेव्हाही तो एवढंच म्हणाला, "चौथा हिस्सा? म्हणजे भाडं निघेल, पण वरचं काही निघायचं नाही." जणू कुणा तिसऱ्याच्याच घराची गोष्ट. "सल्ला छान दिलात," ती म्हणाली.

कोर्टाच्या इमारतीत फुकट सल्ल्याची एक खोली होती. फुकट या शब्दाचाच तिला वास यायचा, तरी ती गेली. तिथली वकीलबाई सर्दीनं हैराण होती, एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातानं टाइप करत होती. तिच्या खालच्या दाढेवर कॅप होती आणि हिरडीलगत काळी रेघ दिसत होती. कुणातरी कसायाचं काम. स्वतःच्या दाढेतलं जिला कळत नाही ती आपल्याला काय सांगणार, असं मनाशी म्हणत ती समोर बसली. "समन्स मिळालं होतं?" वकीलबाईनं विचारलं. "नाही. जुन्या घरी गेलं असेल. आम्ही तेव्हा छोट्या जागेत आलो होतो." "म्हणजे तुमच्या मागे एकतर्फी निकाल झाला. तो पुन्हा उघडून मागता येतो. पण कर्ज तुमचंच आहे ना? का कार्ड दुसऱ्याच कुणी वापरलं?" "माझंच आहे," ती म्हणाली, पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखी म्हणाली. "मग उघडून काय मिळणार? नुसत्या तारखा. त्यापेक्षा कपात कमी करून मागू. सगळा पगार सावकाराचा नसतो, बाई. घर चालवायला जे लागतं त्याला हात लावता येत नाही, आणि कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर आणखी सवलत मिळते. तुमच्या पगारावर किती माणसं आहेत?" "एक. माणूस म्हणायचं असलं तर." वकीलबाईनं नाक पुसलं. "तुमचा राग कुणावर आहे ते लिहायला अर्जात जागा नाही. अवलंबून कोण, तेवढं सांगा." पडद्यावर अक्षरं उमटली: अवलंबून असलेला इसम – पती. इसम! इतक्या वर्षांत तिला त्याच्यासाठी एवढा नेमका शब्द सापडला नव्हता. "पण त्यांना यावं लागेल," वकीलबाई म्हणाली. "आपल्याला काही मिळकत नाही, बायकोच्या पगारावर राहतो, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं शपथेवर सांगायला हवं. येतील?"

येईल का हे तिला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसावं याचंही नवल वाटलं. ताईच्या घरी, भावजींच्या दिवाणखान्यात, खुर्चीच्या टोकावर बसून 'सध्या दोन-तीन कंपन्यांना सल्ला देतोय' म्हणणारा हा प्राणी चारचौघांत ते वाक्य बोलेल? ती घरी आली तेव्हा तो इस्त्रीच करत होता. खोलीत गरम कापडाचा वास भरला होता. तिनं चप्पल न काढताच सांगितलं. तो इस्त्री उभी करून ठेवत म्हणाला, "काय बोलायचं मी तिथे?" "खरं. जड जाईल तुम्हाला, पण बघा प्रयत्न करून." तो हसला नाही, रागावलाही नाही. "येतो," म्हणाला. मग शर्टाची बाही फिरवून अंथरली, तिच्यावर इस्त्री टेकवली आणि पुन्हा उचलली. "एक विचारतो. शर्ट कुठला घालू? अगदी कडक घातला तर जज म्हणायचा, यांचं बरं चाललंय." लग्नानंतर त्यानं पहिल्यांदाच काहीतरी धंद्याचं बोलून दाखवलं, असा एक टोमणा नंतर सुचला. तो तिनं वाया जाऊ न देता मनातल्या मनात मारून घेतला.

तारखेच्या दिवशी तो बिनइस्त्रीच्या शर्टात आला आणि तिला दचकल्यासारखं झालं. साल काढल्यासारखा दिसत होता. चुरगळलेल्या कॉलरमधून निघालेली मान इतकी बारीक झाली होती हे तिनं पाहिलंच नव्हतं. कोर्टाच्या बाकावर इतर बरेच बसले होते, सगळे त्याच भंगारवाल्या कंपनीचे कर्जदार. एक दंडाच्या बेटकुळ्या शर्टात न मावणारा व्यायाम शिकवणारा, एक सारखा घड्याळ बघणारा म्हातारा, आणि तिच्या शेजारी मोठ्या पिशवीची एक बाई. पिशवीवाल्या बाईनं बसल्या बसल्या सलगी केली, "तुमचं कुठलं? कार्ड की हप्ते?" दवाखान्यात 'शुगर की बीपी' विचारावं तसं. "माझं माझं आहे," ती म्हणाली आणि सरकून बसली. या माणसांत आणि आपल्यात काय फरक आहे याचा ती विचार करू लागली आणि फरक भराभर सापडतही गेले, पण प्रत्येक फरक कुठल्यातरी वस्तूवर येऊन थांबायचा, पडद्यावर, नाहीतर फ्रिजवर. मग तिनं विचार सोडून दिला आणि कंपनीच्या वकिलाकडे पाहू लागली. त्याच्यापुढे फायलींचा ढीग होता आणि प्रत्येक फायलीला तो एकच वाक्य म्हणत होता, आवाजही न बदलता, बसचा वाहक थांब्यांची नावं घेतो तसा. जज आवळलेल्या जबड्याचा माणूस होता, गालाचा स्नायू सारखा हलत होता. झोपेत दात खात असणार, दाढा झिजून सपाट झाल्या असणार. या सपाट दाढांच्या माणसापुढे आपण गरीब आहोत हे सिद्ध करायचं होतं.

तिचं नाव पुकारलं. वकीलबाईनं रुमाल आत ठेवला, अर्ज वाचला, भाडं सांगितलं, खर्च सांगितला, अवलंबून असलेला इसम हजर आहे म्हणून सांगितलं. तिनं शपथ घेतली, मग नवऱ्यानं. "आपण काय करता?" जजनं विचारलं. ती डोळे मिटून 'सल्लागार' या शब्दाची वाट पाहत राहिली. "काही नाही," तो म्हणाला. "घर बघतो. हिच्या पगारावर जगतो." आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. तिनं डोळे उघडले. म्हणजे याला हे येत होतं! इतकी वर्षं येत होतं आणि ताईकडे, शेजारी, जिन्यात हा हवामानावर बोलत राहिला, या गोष्टीची तिला नव्यानं चीड आली. एवढ्यात कंपनीचा वकील फायलीतून वर आला. या वेळी त्याला वेगळं वाक्य सापडलं होतं. "साहेब, बाई गरिबी सांगतात, पण कार्डाचा उतारा काही वेगळंच सांगतो. एक वर्षभर, दर महिन्याच्या सुरुवातीला, या कार्डावर ठरावीक रोख रक्कम काढलेली आहे. खरेदी नाही, रोकड. मूळ कर्जातला मोठा भाग तोच. तेव्हा बाई नोकरीत, हे गृहस्थ नोकरीत. मग पैसा गेला कुठे? कुठेतरी ठेवला असणार. आधी तो काढायला सांगा, सवलतीचं मग बघू."

रोकड? तिनं कधी रोकड काढली नव्हती. कार्ड घरातच असायचं, कपाटाच्या खणात. बँकेची पाकिटं यायची ती तोच उघडायचा, आकडे वाचण्याइतकी आपली किंमत कमी नाही असं ती म्हणायची. एका फ्रिजचं, चार पडद्यांचं कर्ज एवढं कसं फुगलं हे कोडं तिला पडलं होतं खरं, पण बँका चोर असतात एवढं उत्तर तिला पुरलं होतं. "बाई, यावर काय म्हणणं आहे?" जजनं विचारलं. ती तोंड उघडणार तोच नवरा पुन्हा उभा राहिला, कुणी सांगितलं नसताना. "ते पैसे मी काढले. हिनं कुठे ठेवलेले नाहीत." "आपण तेव्हा नोकरीत होता ना?" "नव्हतो. कंपनी बंद पडली म्हणून मी घरी सांगितलं, त्याच्या वर्षभर आधीच मला काढलं होतं. सांगायला जमलं नाही. मग दर महिन्याला कार्डावर पैसे काढायचो आणि पगार म्हणून हिच्या हातात ठेवायचो. कंपनी खरोखर बंद पडली तेव्हा सुटलो. सांगायला कारण मिळालं." खोलीत कुणीतरी फस्सकन हसलं. आणि मागच्या बाकावरून पिशवीवाल्या बाईचा आवाज आला, हळू, पण साऱ्या खोलीत पोचेल इतपत, "अगंबाई, बिचारी!"

ते वर्ष तिला शोधावं लागलं नाही. इतक्या वर्षांच्या रखरखाटात तेवढं एकच वर्ष तिनं वेगळं काढून ठेवलं होतं, स्वतःलाही फारसं दाखवायची नाही असं. त्या वर्षी तो थकून घरी येत नव्हता. संध्याकाळी लॅबमधून ती यायची तेव्हा तो दारात असायचा, आज कुणाचे दात केलेस म्हणून विचारायचा, आणि तिचं सांगून संपेपर्यंत ऐकायचा. एका आजोबांना मेलेल्या बायकोसारखे दात हवे होते, तिचा फोटो ते लॅबमध्ये घेऊन आले होते, ही गोष्ट तिनं फक्त त्याला सांगितली होती. सुट्टीच्या दिवशी दोघं नदीच्या पुलापर्यंत चालत जायची. दिवसभर ब्रश धरून तिचं मनगट दुखायचं, ते तो टीव्ही बघता बघता दाबत राहायचा, किती वेळ झाला हे न बघता. पगाराच्या दिवशी पाकीट तिच्या हातात देताना म्हणायचा, "घे बाई, तुझं तुला," आणि ती हसायची. या वयात पुन्हा लळा लागतो की काय माणसाला, असं वाटून तिला भीतीच वाटली होती. आता कळत होतं, तो थकत नव्हता कारण थकण्यासारखं काही करत नव्हता. पाकिटात तिचेच पैसे होते, तेही उसने. त्या एका वर्षी तिनं कुणाचाही तिरस्कार केला नव्हता, ताईचासुद्धा, आणि त्याची किंमत महिन्याच्या महिन्याला तिच्याच नावावर चढत होती, व्याजासकट. तिला वाटलं की आपण आता ओरडणार. पण ओरडणं कुठूनच वर आलं नाही. तोंडात आली ती फक्त एक लोखंडी चव, दातांचा ठसा घ्यायचा चमचा जिभेवर टेकल्यासारखी.

वकीलबाई कानाशी आली. "तुम्हाला हे माहीत होतं का? नसेल तर तसं सांगा. ती रक्कम तुमच्या डोक्यावर येत नाही मग. अख्खा निकाल पुन्हा उघडता येईल, कदाचित कपातच थांबेल. त्यांचं काय व्हायचं ते होईल." जजनं तेच मोठ्यानं विचारलं आणि शपथेवर आहात याची आठवण करून दिली. नवरा समोर बघत होता, तिच्याकडे नव्हे. त्यानं हे सगळं ओळखूनच सांगितलं होतं आणि आता सुटका मागायची त्याची इच्छा दिसत नव्हती. एक शब्द म्हटला की झालं: नव्हतं. तिला तो शब्द तोंडात तयार जाणवला, दाढेखाली खडा यावा तसा. या शब्दानं पगार वाचत होता. पण त्या शब्दाबरोबर ही सगळी खोली तिची होणार होती. पिशवीवाली हळहळणार, वकीलबाई पाठीवर हात ठेवणार, हिशेबनीस कुजबुजणार, मालकाचा हात या वेळी खरंच खांद्यावर पडणार, आणि ताई! ताई धावत येणार, मिठी मारणार, 'मी तेव्हाच म्हटलं होतं' म्हणणार, त्या सायीच्या आवाजात. कर्ज बुडवणारी बाई म्हणून ती मान वर ठेवून कुठेही जाऊ शकत होती. बिचारी म्हणून जिना उतरणंसुद्धा कठीण. आणि त्याहून आत आणखी काहीतरी होतं, ज्याकडे ती बघायला तयार नव्हती. या परक्या लोकांनी त्या वर्षाला हात लावलेला तिला खपत नव्हता, एवढंच तिनं स्वतःशी कबूल केलं.

"माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत होतं?"

"हो. मीच काढायला सांगायची. घर चालायला नको?"

नवऱ्यानं आता मान वळवली. जज जरा वेळ दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला, गालाचा स्नायू थांबला होता; त्यानं विश्वास ठेवला नाही हे उघड होतं, पण विश्वास न ठेवण्याचा अर्ज त्याच्यापुढे कुणी केलेला नव्हता. कंपनीच्या वकिलाला त्याचं कर्ज शाबूत मिळालं होतं, तो पुढच्या फायलीकडे वळला. हुकूम झाला: कर्ज कायम, पतीला मिळकत नाही हे दिसून येतं, सबब कपात चौथ्या हिश्श्याऐवजी दहाव्या हिश्श्याची. वकीलबाईनं रुमाल बाहेर काढला आणि कागद गोळा करता करता म्हणाली, "कळतंय ना तुम्ही काय केलंत? आता हे सगळं तुमचंच." "तुमची दाढ बदलून घ्या," ती म्हणाली. "हिरडी कुजेल. लॅबमध्ये या, मी करून देते. फुकट." वकीलबाईनं जिभेनं दाढ चाचपली.

बाहेरच्या लांबलचक बोळात ती दोघं चालत राहिली, तो नेहमीसारखा अर्धं पाऊल मागे. जिन्याशी तो थांबला. "तुला माहीत नव्हतं," म्हणाला.

"नव्हतं."

"मग?"

"मग काय? तुम्हाला नावं ठेवायला मी एकटी पुरेशी आहे. बाहेरची माणसं लागत नाहीत."

त्यानं मान हलवली, जणू हे अगदी रास्त आहे. खाली रस्त्यावर उन्हानं डोळे दिपले. बसमध्ये जागा मिळाली ती शेजारी शेजारी, आणि बस वळणावर कलली की त्याचा चुरगळलेला खांदा तिच्या खांद्याला लागायचा. तिनं अंग चोरलं नाही, चोरायचं राहून गेलं. ती खिडकीतून बघत होती. दुकानांच्या काचा, फूटपाथवर उभी असलेली माणसं, सगळी नेहमीसारखीच क्षुद्र, त्यांत काही फरक पडलेला नव्हता. किती वर्षं कापला जाईल हा दहावा हिस्सा, ती निवृत्त होईपर्यंत बहुधा. त्या एका वर्षाचे पैसे. मालकाला, ताईला, त्या जजला, कुणालाही कधी कळायचं नाही की ती नेमकं काय फेडत आहे. तिला राग आला होता, अजून होताच, चांगला पुरून उरेल इतका; घरी गेल्यावर त्याला काय काय ऐकवायचं याची जुळवाजुळवही मनात चालू होती. पण त्याच्या मधोमध एक मूर्ख प्रश्न उभा होता आणि तो बाजूला झाल्याशिवाय बाकीचं पुढे सरकत नव्हतं. शेवटी तिनं खिडकीकडेच बघत विचारलं, "त्या वर्षी दिवसभर तुम्ही असायचात कुठे?"

त्यानं चुरगळलेली कॉलर बोटांनी सपाट केली. मग म्हणाला, "पहिले काही दिवस स्टेशनवर. पण तिथे पोलीस विचारायला लागले. मग तुझ्या लॅबसमोर ते वाचनालय होतं ना, वरच्या मजल्यावर, तिथे. खिडकीतून तुझा दिवा दिसायचा. तू तो लावलास की मी पेपर उघडायचो."

बस थांबली. कोर्टासाठी तिनं अर्ध्याच दिवसाची रजा काढली होती आणि तो तिच्या लॅबचा थांबा होता. "तुझा थांबा आला," तो म्हणाला, आणि तिला वाट द्यायला पाय आत घेऊन अर्धवट उठला. दाराशी एक बाई उतरली, दोन माणसं चढली.

"बसा खाली," ती म्हणाली. "आणि जेवायचात कुठे?"